'नाइस' : एका इंग्रजी विशेषणाचा इतिहास

शेक्सपिअरचे 'रोमिओ अँड ज्युलिएट' वर्गात शिकवीत असता पाचव्या अंकाचा दुसरा प्रवेश आला की शिक्षकाला क्षणभर थांबावे लागते. ज्युलिएट मेलेली नाही, औषधाच्या योगाने ती केवळ निश्चेष्ट पडली आहे, हे रोमिओला कळविणारे पत्र घेऊन फ्रायर जॉन मँटुआकडे निघालेला असतो. साथीच्या संशयावरून त्याला वाटेत अडवून ठेवतात आणि तो ते पत्र तसेच परत घेऊन येतो. ते ऐकून फ्रायर लॉरेन्स हळहळतो, आणि म्हणतो की ते पत्र 'नाइस' नव्हते. फार महत्त्वाच्या मजकुराचे होते. 'नाइस' म्हणजे छान, हे विद्यार्थ्याला पाचव्या-सहाव्या इयत्तेपासून पाठ असते. तेव्हा पत्र छान नव्हते असा अर्थ तो सरळ लावून मोकळा होतो. वाक्याचा अन्वय बिनचूक लागलेला असतो. अर्थाचा मात्र पत्ता नसतो. फ्रायर लॉरेन्सला म्हणावयाचे आहे ते इतकेच की, पत्र क्षुल्लक नव्हते. ते न पोचल्यामुळे पुढे दोन जीव गेले.

याच विशेषणाची दुसरी गाठ पडते ती निबंधाच्या वह्या तपासताना. सहल नाइस, पुस्तक नाइस, मित्र नाइस, हवा नाइस! शिक्षक तांबड्या शाईने तो शब्द खोडतो व वर्गात बजावतो की या शब्दाचा खरा अर्थ सूक्ष्म, नेमका, काटेकोर असा आहे. 'छान' या अर्थी तो वापरणे हा आळस होय. आळसाबद्दल तक्रार नाही. परंतु 'खरा अर्थ' हे शब्द जपून वापरावयास हवेत. शब्दाचा खरा अर्थ म्हणजे कोणता? सर्वांत जुना? तसे म्हणावे तर 'नाइस'चा खरा अर्थ सूक्ष्मही नव्हे आणि छानही नव्हे. तो 'अडाणी' असा आहे.

या एका लहानशा विशेषणाने गेल्या सातशे वर्षांत जितकी वळणे घेतली तितकी इंग्रजीतील फार थोड्या शब्दांनी घेतली असतील. ती वळणे येथे क्रमाने पाहावयाची आहेत. त्यांत मौज आहेच. पण भाषा शिकविणाऱ्यांनी लक्षात ठेवावा असा एक धडाही आहे.

आरंभ लॅटिनपासून करावा लागतो. लॅटिनमध्ये 'जाणणे' या अर्थाचे 'स्किरे' असे क्रियापद आहे. त्याच्या मागे 'ने' हा नकार लागून 'नेस्किरे', म्हणजे न जाणणे, हे क्रियापद झाले व त्यापासून 'नेस्किउस', म्हणजे न जाणणारा, अज्ञ, हे विशेषण झाले. हा 'ने' आपल्या संस्कृतातील 'न'चाच सख्खा भाऊ होय. 'स्किरे'पासून निघालेली इतर मंडळी मात्र मोठी प्रतिष्ठित निघाली. 'सायन्स' म्हणजे शास्त्र हा त्याच घराण्यातला शब्द, आणि 'कॉन्शन्स' म्हणजे सदसद्विवेकबुद्धी हाही त्यातलाच. 'नाइस' हा या विद्वान घराण्यात 'नाही' असे कपाळी लिहून आलेला धाकटा मुलगा म्हणावयास हरकत नाही.

'नेस्किउस'चे जुन्या फ्रेंचमध्ये झिजून 'नीस' असे रूप झाले आणि त्याचा अर्थ मूर्ख, भोळसट, खुळा असा रूढ झाला. १०६६ साली नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकल्यावर राजदरबार, न्यायालये व सरदारवर्ग यांची भाषा फ्रेंच झाली आणि पुढील दोनतीन शतकांत हजारो फ्रेंच शब्द इंग्रजीत उतरले. त्या ओघात सुमारे १३००च्या आगेमागे 'नीस' इंग्रजीत आला, तो मूर्ख हा अर्थ घेऊनच.

लॅटिनच्या इतर लेकींच्या घरी या शब्दाचे काय झाले तेही पाहण्यासारखे आहे. स्पॅनिशमधील 'नेसिओ' म्हणजे आजही मूर्खच. पोर्तुगीजमध्येही हा शब्द आहे व त्याचाही अर्थ अज्ञ, मूर्ख असाच आहे. गोव्यात १९६१ पूर्वी ज्यांचे शिक्षण पोर्तुगीज माध्यमातून झाले, त्यांना हा शब्द शिवीच्या अंगाने परिचित असेल. आणि त्यांच्याच नातवंडांना आज इंग्रजी शाळेत 'नाइस' असा शेरा मिळाला की घरात आनंद होतो. एकाच लॅटिन शब्दाचे हे दोन वंशज. फ्रान्समध्ये तो शब्द वापरातून गेला, स्पेन-पोर्तुगालमध्ये जागच्या जागी राहिला, आणि इंग्लंडमध्ये मात्र त्याचे नशीब पालटले.

इंग्रजी कवितेचा आदिपुरुष चॉसर याच्या लेखनात हा शब्द पुष्कळदा येतो व बहुतेक ठिकाणी तो मूर्ख याच अर्थी येतो. त्यापासून बनलेले भाववाचक नाम, जे आज 'नाइसिटी' म्हणून काटेकोरपणाचे द्योतक आहे, ते चॉसरच्या वेळी मूर्खपणाचे नाव होते. पण 'कँटरबरी टेल्स'च्या प्रस्तावनेतच एक असे स्थळ आहे की तेथे टीकाकार आजही अडखळतात. यात्रेकरूंच्या मेळाव्यात एक दर्यावर्दी आहे. बोर्दोहून मद्य घेऊन येताना व्यापारी झोपला असता त्यातले मद्य हा खुशाल चोरी, आणि समुद्रावरील झुंजीत हाती सापडलेल्यांना पाण्यात लोटून देई. त्याच्याविषयी चॉसर सांगतो की, 'नाइस' सदसद्विवेकाची त्याला फिकीर नव्हती. येथे अर्थ कोणता घ्यावयाचा? असल्या खुळचट टोचणीची त्याला पर्वा नव्हती, असा दर्यावर्द्याच्याच तोंडचा उपरोध मानावयाचा? की, बारीकसारीक गोष्टींत पाप पाहणाऱ्या हळव्या मनाची भानगड त्याने ठेवली नव्हती, असा अर्थ करावयाचा? दोन्ही अर्थ तेथे शोभतात. सदसद्विवेकाच्या बाबतीत जो फार चोखंदळ तो व्यवहारी माणसाला खुळाच वाटतो. त्यामुळे 'खुळा' आणि 'अतिचोखंदळ' या दोन अर्थांमधले अंतर येथे एका पावलाचे उरले आहे. शब्दांचे अर्थ बदलतात ते अशा संदिग्ध जागी. बोलणारा एक अर्थ मनात धरतो, ऐकणारा त्याच्या शेजारचा अर्थ उचलतो, आणि पुढच्या पिढीला शेजारचा अर्थच मूळचा वाटू लागतो.

पंधराव्या आणि सोळाव्या शतकांत या शब्दाला जणू पालवी फुटली. मूर्ख माणूस उधळ्या असतो, नटवा असतो, स्वैर वागतो. म्हणून 'नाइस' म्हणजे छचोर, विलासी. उलट अजाण मुलगी लाजाळू असते, पटकन पुढे होत नाही. म्हणून 'नाइस' म्हणजे बुजरा, आढेवेढे घेणारा. आढेवेढे घेणाऱ्याच्या मनास सहजासहजी काही उतरत नाही. म्हणून 'नाइस' म्हणजे चोखंदळ, नाके मुरडणारा. चोखंदळाला बारीक फरक दिसतात; म्हणून 'नाइस' म्हणजे सूक्ष्म, आणि सूक्ष्म म्हणून नाजूक, हलक्या हाताने हाताळावयाचा. सूक्ष्म ते पुष्कळदा क्षुल्लकही असते. म्हणून 'नाइस' म्हणजे नगण्य. ही साखळी येथे मांडली आहे तितकी सरळ ती इतिहासात दिसत नाही. काही दुवे पक्के आहेत, काही सैल आहेत. आणि सोळाव्या-सतराव्या शतकांतील अनेक उताऱ्यांत लेखकाच्या मनात नेमका कोणता अर्थ होता हे ठरविणे अवघड आहे, असे ऑक्सफर्डच्या महाकोशाचे संपादकही सांगतात. परस्परविरोधी अर्थ एकाच काळी, एकाच नगरात, एकाच लेखकाच्या लेखणीतून उतरत होते.

तो लेखक अर्थातच शेक्सपिअर. फ्रायर लॉरेन्सचे पत्र आपण पाहिले. त्याच नाटकाच्या तिसऱ्या अंकात, टिबॉल्ट मारला गेल्यानंतर बेन्व्होलिओ राजाला सांगतो की, भांडण किती 'नाइस' आहे याचा विचार कर असे रोमिओ टिबॉल्टला विनवीत होता. भांडण किती क्षुल्लक आहे, असा तेथे अर्थ आहे. 'ज्युलिअस सीझर'च्या चौथ्या अंकातील ब्रूटस-कॅशस यांचा कलह आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या अभ्यासक्रमात होता. लाच घेतल्याबद्दल ब्रूटसने एकाला दोषी ठरविले, त्यावर कॅशस म्हणतो की, असल्या प्रसंगी प्रत्येक 'नाइस' अपराधाचा बभ्रा करणे बरे नव्हे. येथेही अर्थ बारीकसारीक असाच. 'हेन्री द फिफ्थ'च्या शेवटी मात्र निराळा प्रकार आहे. लग्नापूर्वी चुंबन देण्याची फ्रान्सच्या मुलींची रीत नाही असे राजकन्येच्या वतीने सांगितले जाते, तेव्हा हेन्री उत्तर देतो की, 'नाइस' रीतिरिवाज थोर राजांपुढे मान लववितात. येथे 'नाइस' म्हणजे सोवळे. हा एकच मराठी शब्द तेथे जितका चपखल बसतो तितके इंग्रजी टीपाकारांचे चार पर्यायही बसत नाहीत. आणि 'अँटनी अँड क्लिओपाट्रा'मध्ये पडत्या काळातला अँटनी जेव्हा आपल्या जुन्या, भाग्यशाली आणि 'नाइस' दिवसांची आठवण काढतो, तेव्हा तेथे चैनीचे, लाडाकोडाचे, स्वच्छंद असे दिवस अभिप्रेत आहेत. म्हणजे एका नाटककाराच्या चार नाटकांत क्षुल्लक, सोवळा व विलासी असे तीन अर्थ झाले, आणि 'छान' हा अर्थ त्यांत कोठेच नाही.

सतराव्या शतकात या गर्दीतून एक अर्थ हळूहळू पुढे सरकला : सूक्ष्म, नेमका, काटेकोर. तो काळच तशा शब्दाची गरज असलेला होता. लंडनमध्ये १६६० साली रॉयल सोसायटी स्थापन झाली. मोजमाप, प्रयोग, निरीक्षण यांना प्रतिष्ठा आली. बारीक फरक ओळखणारी दृष्टी, अचूक तोल दाखविणारा काटा, विचारपूर्वक केलेला भेद, या सर्वांना 'नाइस' हे विशेषण लागू लागले. अज्ञान हा ज्याचा मूळ अर्थ, तो शब्द ज्ञानाच्या सूक्ष्मतेचे विशेषण झाला. शंभर वर्षांनी, १७५५ साली, डॉ. सॅम्युएल जॉन्सन याचा सुप्रसिद्ध कोश दोन खंडांत प्रकट झाला. त्यात या शब्दाखाली निर्णयात काटेकोर, फार सावध, चोखंदळ, नाजूक, बारकाईने घडविलेला, बारकाई मागणारा, सुसंस्कृत असे अर्थ दिले आहेत. मूर्ख हा अर्थ तेथून गेलेला आहे, आणि छान हा अर्थ अद्याप आलेला नाही. गमतीची गोष्ट अशी की, जॉन्सनने या शब्दाची व्युत्पत्ती मऊ या अर्थाच्या एका जुन्या सॅक्सन शब्दाकडे नेली आहे. जो अर्थ समोर होता त्याला शोभेल असे कुळ त्याने शोधले. खरे कुळ त्याच्या दृष्टीस पडले नाही.

वास्तविक जॉन्सन कोश रचीत होता त्याच सुमारास बोलभाषेत नवे वळण सुरू झालेले होते. चोखंदळ माणूस निवडून घेतो ती वस्तू चांगली असावयाचीच. सुसंस्कृत माणसाचा सहवास सुखकारक असावयाचाच. तेव्हा जो गुण पारखणाऱ्याचा होता तो पारखलेल्या वस्तूला चिकटला, आणि अठराव्या शतकाच्या मध्यापासून 'नाइस' म्हणजे सुखद, आवडण्यासारखा, हा अर्थ घरोघर ऐकू येऊ लागला. शतक संपता संपता तो इतका फैलावला की, त्यावर एका थोर लेखिकेने कायमची मोहोर उमटवून ठेवली.

जेन ऑस्टेन हिची 'नॉर्दँगर ॲबी' ही कादंबरी १७९८-९९च्या सुमारास लिहिलेली. प्रसिद्ध झाली ती मात्र लेखिकेच्या मृत्यूनंतर, १८१७च्या डिसेंबरात. तिच्या चौदाव्या प्रकरणात कॅथरिन मॉर्लंड ही भाबडी नायिका हेन्री टिल्नी व त्याची बहीण एलिनॉर यांच्याबरोबर बाथजवळच्या टेकडीवर फिरावयास गेली आहे. ॲन रॅडक्लिफ हिच्या १७९४ साली निघालेल्या 'मिस्टरीज ऑफ उडॉल्फो' या भयकथेवर कॅथरिन अगदी लुब्ध आहे. जगातले सर्वांत नाइस पुस्तक हेच नव्हे काय, असे ती भाबडेपणाने विचारते. टिल्नी हा तरुण पाद्री विनोदी आणि वाचलेला आहे. नाइस म्हणजे नीटनेटके असेल तर ते पुस्तकाच्या बांधणीवर अवलंबून आहे, असे म्हणून तो तिची फिरकी घेतो. मग, मुळात हा शब्द टापटीप, औचित्य, नाजूकपणा यांपुरता असावा आणि आता मात्र कोणत्याही गोष्टीची कसलीही स्तुती त्या एकाच शब्दात उरकली जाते, अशी तक्रारही तो ऐकवितो.

हा प्रवेश भाषाशुद्धीच्या बाजूने पुष्कळदा पुढे केला जातो. परंतु तो नीट वाचला तर उलट बाजूला जातो. एक तर टिल्नी ज्याला मुळातला अर्थ समजतो तो मुळातला नाहीच. तो सोळाव्या-सतराव्या शतकांत मधल्या मुक्कामावर जडलेला अर्थ आहे. ज्या जॉन्सनवर तो विसंबला त्यालाच खरे मूळ माहीत नव्हते, तेथे टिल्नीचा काय दोष? दुसरे असे की, लेखिका येथे त्याच्या बाजूने नाही. एलिनॉर कॅथरिनला सांगते की, भाऊ आपल्यालाही असाच छळतो. आता शब्द बदलला नाही तर वाटभर जॉन्सन आणि ब्लेअर यांच्या नावाने व्याख्यान ऐकावे लागेल. ब्लेअर म्हणजे एडिंबरोचा अलंकारशास्त्रज्ञ ह्यू ब्लेअर, ज्याची व्याख्याने १७८३ साली प्रसिद्ध झाली होती. आणि शेवटी ती भावालाच बजावते की, हे विशेषण तुलाच लावावयास हवे, आणि तेही स्तुती म्हणून नव्हे. कारण तुझ्यात शहाणपणापेक्षा 'नाइस'पणाच अधिक आहे. एका वाक्यात तिने शब्दाचा जुना अर्थ, म्हणजे फाजील चोखंदळ, अचूक वापरून शब्दपंडिताला गप्प केले. जुना अर्थ ठाऊक असणे निराळे आणि त्याच्या जोरावर दुसऱ्याच्या बोलण्यावर हुकूम चालविणे निराळे, हे याहून नेटके कोणी सांगितलेले नाही.

ऑस्टेनने हा भेद स्वतः पाळला. खाजगी पत्रांतून तिने 'नाइस' हा शब्द आवडता, सुखद या नव्या अर्थाने मोकळेपणी वापरला आहे. आणि 'नॉर्दँगर ॲबी'बरोबरच एका संचात प्रसिद्ध झालेल्या 'पर्स्वेजन' या कादंबरीत मिस्टर एलियट हे पात्र म्हणते की, चांगल्या मंडळींत मिसळण्यास कुल, शिक्षण आणि रीतभात हवी, पैकी शिक्षणाच्या बाबतीत लोक फारसे 'नाइस' नसतात. तेथे अर्थ चोखंदळ. एकाच वेळी वाचकाच्या हाती पडलेल्या दोन पुस्तकांत एकच शब्द दोन अर्थांनी नांदतो, आणि कोठेही गोंधळ होत नाही. कारण प्रसंग अर्थ सांगतो.

पुढे शंभर वर्षे तक्रार चालूच राहिली. १९२६ साली एच्. डब्ल्यू. फाउलर याचा 'मॉडर्न इंग्लिश यूसेज' हा ग्रंथ निघाला. आपल्याकडील इंग्रजीच्या शिक्षकांच्या टेबलावर तो वर्षानुवर्षे असे. त्यात फाउलरने या शब्दाच्या अधोगतीचे खापर स्त्रियांच्या माथी फोडले आहे. त्यांनी या शब्दाचे फाजील लाड केले, त्यामुळे त्यातील स्वत्व जाऊन नुसता गुळमट गोडवा उरला, असा त्याचा आशय आहे. आणि नवा अर्थ टाळणारा भाषेची लहानशी पण खरी सेवा करतो, असे त्याने म्हटले आहे. वर्गात तांबडी शाई चालविण्याची परंपरा अशाच उपदेशांतून बळावली. फाउलरचा अधिकार मोठा. पण ज्या अर्थांना तो योग्य मानतो ते टिल्नीच्याच मुक्कामावरचे आहेत. आणि स्त्रियांच्या माथी खापर फोडताना त्याला एलिनॉर टिल्नीचा विसर पडलेला दिसतो.

नवा अर्थ आला म्हणून जुना सर्वस्वी गेला, असेही नाही. विद्वानांच्या लेखनात, न्यायालयांच्या निवाड्यांत सूक्ष्म भेदाला आजही 'नाइस' भेद म्हणतात. काटेकोरपणाला 'नाइसिटी' म्हणतात. त्याबरोबरच नवे व्यापारही सुरू आहेत. चहा 'नाइस अँड हॉट' असतो, म्हणजे चांगला गरमागरम. तेथे 'नाइस'चा स्वतःचा अर्थ जाऊन पुढच्या विशेषणाला जोर देणे एवढेच त्याचे काम उरले आहे. एखाद्याने पुरता घोटाळा करून ठेवला की त्यालाही उपरोधाने 'नाइस' म्हणतात. हे सारे मराठीला ओळखीचे आहे. 'चांगला दोन मैल चाललो', 'चांगलाच झोडपला' यांत 'चांगला' काय करतो? आणि दुधाचे पातेले पालथे झाल्यावर 'छान!' म्हणणारी गृहिणी कोणाची स्तुती करते? दोन भाषांचा संबंध नसतानाही स्तुतिवाचक विशेषणाने त्याच तीन वाटा धरल्या : स्तुती, जोर आणि उपरोध.

साम्य याहूनही खोल आहे. 'मुग्ध' हा शब्द घ्या. संस्कृतात 'मुह्' म्हणजे भ्रमणे, भांबावणे. त्याची 'मूढ' आणि 'मुग्ध' अशी दोन भूतकालवाचक धातुसाधिते होतात व दोन्ही पाणिनीला संमत आहेत. मुळात दोहोंचा अर्थ एकच : भांबावलेला, अजाण. पण 'मूढ' मूर्खच राहिला, आणि 'मुग्ध' अजाण, मग निष्पाप, मग मोहक अशा पायऱ्या चढत साहित्यशास्त्रातील मुग्धा नायिकेपर्यंत आणि आपल्या मराठीतील मुग्ध हास्यापर्यंत येऊन पोचला. देवगिरीच्या यादवांचा मंत्री हेमाद्री याच्या आश्रयाला असलेल्या बोपदेवाने तेराव्या शतकात 'मुग्धबोध' नावाचे व्याकरण लिहिले. त्या नावातील 'मुग्ध' म्हणजे मोहक नव्हे. न शिकलेला, अजाण विद्यार्थी. ज्या शतकात देवगिरीला 'मुग्ध'चा जुना अर्थ ग्रंथाच्या नावात जिवंत होता, त्याच शतकाच्या अखेरीस 'नाइस' हा मूर्खपणाचे ओझे घेऊन इंग्रजीत प्रवेश करीत होता. दोघेही अज्ञानाच्या घरातून निघाले आणि आवडीच्या घरी पोचले. आज कोणी 'मुग्ध करणारे गायन' असे लिहिले, तर ते चूक, गायन माणसाला मूर्ख करीत नाही, असा आक्षेप आपण घेतो काय?

उलट दिशेचा प्रवासही होतो. इंग्रजीतील 'सिली' हा शब्द मुळात धन्य, सुखी या अर्थाचा. त्याचा जर्मन भाऊ 'झेलिग' आजही त्याच अर्थाने चर्चमध्ये मिरवतो. इंग्रजीत मात्र तो धन्यापासून निष्पाप, निष्पापापासून बापुडा, आणि सोळाव्या शतकापासून मूर्ख असा घसरत गेला. 'नाइस' शिडी चढत होता तेव्हा 'सिली' तीच शिडी उतरत होता. आपल्याकडे 'साहस' हे मनुस्मृतीतील अठरा व्यवहारपदांपैकी एक, म्हणजे बळजबरीचा अपराध. आज साहसी मुलांना आपण बक्षिसे देतो.

महाराष्ट्राबाहेर पिढ्यान् पिढ्या नांदलेल्या मराठी माणसाला हा प्रश्न पुस्तकी वाटू नये. इंदूर-ग्वाल्हेरकडे मराठी मूल हिंदी शाळेत जाते व तेथे 'शिक्षा' म्हणजे विद्या शिकते. घरी आल्यावर 'शिक्षा' म्हणजे दंड असे ऐकते. बेळगावकडे कानडीतही 'शिक्षे' म्हणजे दंडच, तेव्हा तेथील मुलाला हा पेच पडत नाही. 'चेष्टा' म्हणजे हिंदीत प्रयत्न, मराठीत थट्टा. यांत कोण चुकले? संस्कृतचा आधार काढला तर या शब्दांत हिंदी मुळाच्या अधिक जवळ ठरेल. म्हणून काय मराठीने आपली शिक्षा आणि चेष्टा टाकून द्यावी? मूळ अर्थाच्या नावाने एका प्रांताच्या बोलीने दुसऱ्या प्रांताच्या बोलीला अशुद्ध ठरविण्याचे प्रकार आपल्यातही होतात. पुण्यामुंबईकडील पुस्तकांत नाही एवढ्यावरून बडोदे, हैदराबाद वा गोवा येथील अर्थ चूक ठरत नाही. तेथील माणसे तो शब्द कोणत्या अर्थाने आणि किती काळ वापरीत आली आहेत, हाच त्याचा आधार होय.

मग शिक्षकाने निबंधातील 'नाइस' खोडू नये काय? जरूर खोडावा, पण कारण खरे सांगावे. तो शब्द चूक आहे म्हणून नव्हे, तर सहल, पुस्तक, मित्र आणि हवा यांच्या निरनिराळ्या चांगुलपणांतील फरक विद्यार्थ्याने पाहिला नाही म्हणून. त्या अर्थी फाउलरच्या तक्रारीत तथ्य आहे. सूक्ष्म भेद दाखविणारा एक शब्द सरसकट स्तुतीचा झाला, हे भाषेचे नुकसानच. आणि ते भरून काढण्यासाठी इंग्रजीला दुसरे शब्द हाताशी धरावे लागले. परंतु नुकसान झाले असे म्हणणे आणि चूक झाली असे म्हणणे यांत अंतर आहे. इतिहासाचा उपयोग जुने पुस्तक नीट वाचण्यासाठी आहे. फ्रायर लॉरेन्सचे पत्र, हेन्रीचे सोवळे रिवाज, दर्यावर्द्याची सदसद्विवेकबुद्धी यांची कुलुपे उघडण्यासाठी ती किल्ली आहे. तिची छडी करू नये.

हे सत्य सहाशेहून अधिक वर्षांपूर्वी चॉसरने ओळखले होते. 'ट्रॉयलस अँड क्रिसेड' या १३८०च्या दशकातील काव्याच्या दुसऱ्या सर्गाच्या आरंभी तो वाचकाला आठवण देतो की, हजार वर्षांत बोलण्याची रीत पालटते. एके काळी मोलाचे असलेले शब्द आज आपल्याला विचित्र वाटतात, तरी त्या लोकांनी ते तसेच उच्चारले आणि त्यांचे प्रेमव्यवहार आपल्याइतकेच सुरळीत चालले. जुने शब्द आपल्याला कसे वाटतात हे सांगताना त्याने 'विचित्र' याच्या जोडीला आणखी एक विशेषण घातले आहे. त्याच्या काळी त्याचा अर्थ 'खुळे' असा होता. ते विशेषण म्हणजे 'नाइस'.